प्रतिसृष्टीचे कायदे

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, बेलफास्टमधल्या एका घराच्या पोटमाळ्यावर, हिंदुस्थान हे एक बेट होते. हिमालयाच्या मागच्या बाजूला त्याचा उत्तर किनारा लागत असे. वॉर्नी लुइस या मुलाचा हा हिंदुस्थान आगबोटींचा आणि आगगाड्यांचा देश होता. त्याचा धाकटा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे पुढे नार्नियाच्या गोष्टी लिहिणारे सी. एस. लुइस, त्याच सुमाराला प्राण्यांचा एक देश रचत होता. तिथे चिलखत चढवलेले उंदीर आणि ससे मांजरांशी लढायला निघत. दोघांना एकत्र खेळायचे तर दोन्ही देश एकाच नकाशावर यायला हवेत. म्हणून हिंदुस्थान खऱ्या जगातून उचलला गेला, त्याचे बेट झाले आणि दोन्ही देशांमध्ये आगबोटींचे मार्ग आखले गेले. पण एवढ्याने भागले नाही. धाकट्याचा देश मध्ययुगातला, थोरल्याचा आगगाड्यांच्या काळातला; एका बाजूला भाले, दुसऱ्या बाजूला वाफेची इंजिने. ही विसंगती मिटवायची तर भाल्यांपासून इंजिनांपर्यंत काय काय घडले ते सांगणे भाग होते. त्यामुळे आठ-दहा वर्षांचा हा धाकटा मुलगा शूरवीरांच्या गोष्टी बाजूला ठेवून आपल्या देशाचा इतिहास लिहायला बसला. त्या जोडदेशाला पुढे बॉक्सन हे नाव मिळाले. १९५५ साली आत्मचरित्र लिहिताना लुइस यांनी या देशाबद्दल एक विलक्षण गोष्ट नोंदवली: त्यात अद्भुतरम्य असे काहीच नव्हते. तो जवळजवळ रुक्ष म्हणावा असा देश होता, राजकारणाने भरलेला, आणि तो रचताना आपण कादंबरीकाराचे शिक्षण घेत होतो, कवीचे नव्हे, असे त्यांचे मत होते.

मुलांच्या कल्पनाशक्तीबद्दल बोलताना ‘मुक्त’ हे विशेषण आपल्या तोंडी सहज येते. मुक्त कल्पना, स्वैर भरारी, पंख फुटलेले मन. ज्या विषयाची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे, त्याचा पुरावा मात्र उलट दिशेला बोट दाखवतो. मुलांनी रचलेल्या जगांत पऱ्या असतात, बोलणारे प्राणी असतात, हे खरे. पण ही जगे वर्षानुवर्षे टिकतात ती नकाशे, वंशावळी, नाणी, वेळापत्रके, राज्यघटना आणि वर्तमानपत्रे यांच्या जोरावर. मूल स्वतःला कायदे घालून घेते आणि ते मोडले तर स्वतःच अस्वस्थ होते. मानसशास्त्रज्ञांना या जगांतून शिकण्यासारखे जे आहे ते मुख्यतः या कायद्यांत आहे, असे मला वाटते. ‘हे मूल पुढे कोण होईल’ या कुतूहलापायी आणि ‘याचे काही बिनसले तर नाही ना’ या धास्तीपायी आपल्याकडून ते वाचायचे राहून जाते.

इंग्रजीत अशा जगाला पॅराकॉझम म्हणतात. आपल्याकडे याहून जुना आणि अधिक नेमका शब्द आहे: प्रतिसृष्टी. त्रिशंकूला स्वर्गात जागा मिळेना, तेव्हा विश्वामित्राने जी उभी केली ती प्रतिसृष्टी. त्या कथेतला तपशील असा, की विश्वामित्राने नुसता एक स्वर्ग निर्माण केला नाही, त्याने स्वतंत्र नक्षत्रमाला घडवली. नवे जग म्हणजे नवी व्यवस्था हे कथाकाराला पक्के ठाऊक होते. मुलांच्या प्रतिसृष्टीचा पद्धतशीर शोध घ्यायला सुरुवात केली रॉबर्ट सिल्व्ही यांनी. ते मानसशास्त्रज्ञ नव्हते. बीबीसीमध्ये श्रोत्यांची पाहणी करणारा विभाग १९३६ पासून त्यांनी उभारला होता. कोण, किती वाजता, काय ऐकतो हे मोजण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी स्वतः लहानपणी ‘न्यू हेन्शियन स्टेट्स’ नावाचा देश रचला होता. असे आणखी कोणी आहेत का, हे त्यांनी निवृत्तीनंतर जाहीर आवाहन करून विचारले. पॅराकॉझम हा शब्दही त्या शोधात सहभागी झालेल्या एकाने १९७६ साली सुचवला. सिल्व्ही वारल्यावर मानसोपचारतज्ज्ञ स्टीफन मॅकीथ यांनी डेव्हिड कोहेन यांच्यासह ही सामग्री १९९१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ५७ जणांच्या ६४ प्रतिसृष्टी त्यात आहेत. प्रतिसृष्टी कशाला म्हणायचे याच्या कसोट्या अशा: मुलाला ती काल्पनिक असल्याचे माहीत हवे, तिच्यातले त्याचे मन दीर्घकाळ, महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे, टिकून हवे, ती त्याला महत्त्वाची वाटायला हवी, आणि तिच्यात सुसंगती हवी. या चौथ्या कसोटीपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबणार आहे.

बहुतेक प्रतिसृष्टी साधारण सात ते बारा या वयात जन्माला येतात, आणि या वयामुळेच विकासमानसशास्त्राची एक नेटकी मांडणी अडचणीत येते. झाँ पियाजे यांनी खेळाची चढण तीन पायऱ्यांत सांगितली. आधी हातापायांच्या हालचालींचा खेळ, मग ‘हा पाट म्हणजे गाडी’ असा लुटुपुटीचा खेळ आणि सातच्या आसपास नियमांचा खेळ: लगोरी, गोट्या, सोंगट्या. त्यांच्या मते लुटुपुटीत मूल जगाला आपल्या इच्छेप्रमाणे वाकवते. वास्तवाशी जुळवून घ्यायला शिकले की ती ओसरते. असे असेल तर ज्या वयात ती मावळायला हवी, नेमक्या त्याच वयात ती राजधान्या आणि करपद्धतीसह का उगवते? लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ च्या व्याख्यानात या कोड्याची किल्ली देऊन ठेवली होती. नियमाशिवाय काल्पनिक खेळ असूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. दोन सख्ख्या बहिणींनी ‘आपण बहिणी-बहिणी खेळू’ असे ठरवले तर काय होते, हे त्यांनी उदाहरण म्हणून घेतले. एरवी ज्या सहज बहिणी असतात, त्या खेळात ‘बहिणीने कसे वागायचे’ हा नियम पाळू लागतात. म्हणजे खेळाने त्यांना मोकळे केले नाही; न दिसणारा नियम दिसेल असा केला. व्हिगॉट्स्की म्हणत, की लहान वयात कल्पना उघड असते आणि नियम पोटात दडलेला असतो. मोठ्या वयात नियम उघड होतो आणि कल्पना पोटात जाते. बुद्धिबळात वजीर आणि उंट असतात, पण त्यांच्या दरबाराची आठवण कोणाला होत नाही. प्रतिसृष्टी या दोन टोकांच्या मधली आहे. तिच्यात कल्पना आणि नियम दोन्ही एकाच वेळी उघड्यावर असतात. म्हणूनच संशोधकासाठी ती इतकी मोलाची: एरवी मनाच्या आत चालणारी नियमरचना इथे वहीच्या पानावर, शाईत, तारखेसकट सापडते.

हा नियम किती खरा असतो हे इंग्रज लेखक थॉमस डी क्विन्सी यांच्या बालपणात दिसते. अठराव्या शतकाच्या शेवटी मँचेस्टरजवळच्या त्यांच्या घरात दोन राज्ये होती: थॉमसचे गॉम्ब्रून आणि थोरल्या भावाचे, विल्यमचे, टायग्रोसिल्व्हेनिया. भाऊ आक्रमक, म्हणून थॉमसने आपले बेट मुद्दाम दूर, दक्षिणेकडच्या समुद्रात ठेवले. भावाने जाहीर केले, की त्याचे राज्य उत्तरेकडून थेट दक्षिणेपर्यंत पसरले आहे. थॉमसने बेट लहान आणि दरिद्री केले, लुटायला कोणी येऊ नये म्हणून. भावाने तिथे हिऱ्यांच्या खाणी असल्याचे शोधून काढले. पुढे विल्यमने लॉर्ड मॉनबोडो यांचे मत वाचले, की माणूस मूळचा शेपटीचा प्राणी आहे. लगेच त्याने ठरवून टाकले, की गॉम्ब्रूनच्या प्रजेला अजून शेपट्या आहेत. रोज काही तास सक्तीने खाली बसायचा कायदा कर, म्हणजे त्या झिजतील, असा सल्लाही दिला. आपल्या प्रजेच्या या अपमानाने थॉमस खरोखर होरपळला. तो राजा होता, पण ‘माझ्या बेटावर असे काही नाही’ एवढे म्हणून मोकळे होणे त्याला जमले नाही. दोघांनी मान्य केलेल्या जगात भावाने केलेले विधान हा पुरावा झाला होता, आणि तो पुराव्यानेच खोडायला हवा होता. आपण रचलेले जग आहे हे पूर्ण माहीत असूनही त्याच्यापुढे इतके हतबल होणारे मूल ‘स्वैर’ म्हणावे तरी कसे? सार्वजनिक सत्य एकट्याच्या इच्छेने बदलत नाही. नाण्याचे मोल, देशाची सीमा, माणसाची अब्रू या सगळ्या गोष्टी माणसांनीच ठरवलेल्या आणि तरीही एकेकट्या माणसाच्या हाताबाहेरच्या. समाज कसा असतो याचा हा धडा एक मूल सात-आठव्या वर्षी, कोणी न शिकवता, रडकुंडीला येऊन शिकत होते.

‘समजा’ या शब्दाची ही शक्ती प्रयोगशाळेतही दिसली आहे. १९३१-३२ मध्ये अलेक्सांद्र लुरिया यांनी उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांपुढे तर्काची कोडी ठेवली होती: दूर उत्तरेत, जिथे बर्फ आहे, तिथली सगळी अस्वले पांढरी असतात, अमुक गाव दूर उत्तरेत आहे, तिथली अस्वले कोणत्या रंगाची? मी तिथे गेलो नाही, जे पाहिले नाही त्याबद्दल कसे सांगू, अशा धर्तीची उत्तरे मिळाली. न पाहिलेल्या गोष्टीवरून अनुमान काढण्यासाठी शाळा हवी, असा निष्कर्ष त्यातून निघाला आणि तो बराच काळ टिकला. १९८८ मध्ये मारिया डियास आणि पॉल हॅरिस यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना असेच, पण खऱ्याला छेद देणारे, कोडे घातले. सगळी मांजरे भुंकतात. रेक्स हे मांजर आहे. रेक्स भुंकतो का? सरळ विचारले तर बरीच मुले अनुभवाला धरून राहत: मांजर भुंकत नाही. पण ‘आपण एका दुसऱ्या ग्रहावर आहोत असे समजू’ एवढी प्रस्तावना केली, की याच वयाची मुले नेमके अनुमान काढत आणि कारणही देत: तिथे सगळी मांजरे भुंकतात ना. म्हणजे तर्क आधीच होता, त्याला उभे राहायला जागा हवी होती. हॅरिस यांनी पुढे आपल्या पुस्तकात हा धागा लांबवर नेला. त्यांच्या मांडणीत कल्पना हा विचाराचा विरंगुळा नाही; ‘असे असते तर काय झाले असते’ या प्रश्नावरच कारणमीमांसा आणि नीतीचा विचार हे दोन्ही उभे आहेत. प्रतिसृष्टी रचणारे मूल हेच अनुमान एका कोड्यापुरते करत नाही, वर्षानुवर्षे आणि शेकडो गृहीतकांवर करते.

या विषयावर बोलताना इंग्रजी साहित्यातल्या ब्राँटे भावंडांकडे वळावेच लागते, पण त्यांच्याकडे पाहण्याची नेहमीची नजर जरा बदलायला हवी. १८२६ च्या जूनमध्ये त्यांच्या वडिलांनी लीड्सहून बारा लाकडी शिपाई आणले, मुलगा ब्रॅनवेलसाठी. शार्लट दहा वर्षांची, ब्रॅनवेल नवाच्या उंबरठ्यावर, एमिली सात आणि अ‍ॅन सहा वर्षांची. प्रत्येकाने एकेक शिपाई उचलून त्याला नाव दिले. शार्लटचा झाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ब्रॅनवेलचा बोनापार्ट. त्यातून ग्लास टाउन उभे राहिले, मग शार्लट-ब्रॅनवेलचे अँग्रिया आणि एमिली-अ‍ॅनचे गॉन्डल. शिपायांना वाचता यावीत म्हणून पुस्तके त्यांच्याच मापाची: आगपेटीएवढी, साखरेच्या पुड्याचा आणि भिंतीच्या सजावटीचा कागद कापून शिवलेली, छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलेली. अक्षर इतके बारीक, की आज ते वाचायला भिंग लागते. मासिक हवे म्हटल्यावर अनुक्रमणिका आली, जाहिराती आल्या, संपादक आला, संपादकाशी भांडणारा लेखक आला. शिपायाच्या हाताचे माप हा एक नियम एकदा धरला, की त्यातून छापखान्याचे सगळे शास्त्र निघाले. चौघे भावंडे स्वतः त्या जगात चार महाजिन्न होती आणि मेलेल्याला जिवंत करण्याची शक्ती त्यांच्याकडे होती. आदल्याच वर्षी, १८२५ मध्ये, त्यांच्या दोन थोरल्या बहिणी, मारिया आणि एलिझाबेथ, सहा आठवड्यांच्या अंतराने गेल्या होत्या. आई १८२१ मध्येच गेली होती. हे वाचताना काळजात कालवते. दुःखातूनच हे जग जन्मले असे म्हणण्याचा मोह होतो, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण दुःखाने ‘का’ सांगितले तरी ‘कसे’ सांगता येत नाही. कितीतरी पोरकी मुले मासिक काढत नाहीत. आणि ज्यांच्या घरी सगळे धडधाकट आहेत अशी कितीतरी मुले देश वसवतात.

ग्लास टाउनची आणखी एक बाजू आहे, आणि ती आपण भारतीय वाचकांनी तरी नजरेआड करता कामा नये. हे शहर पश्चिम आफ्रिकेत आहे. बारा इंग्रज तिथे जहाजाने जातात, अशांती लोकांशी लढतात, त्यांच्या भूमीवर वसाहत करतात. घरी येणाऱ्या ‘ब्लॅकवुड्स मॅगझीन’मधून आणि भूगोलाच्या पुस्तकातून मुलांनी हे सगळे उचलले होते. वॉर्नी लुइसच्या बेटावरही राजा आहे, रेल्वे आहे, बोटी आहेत. हिंदुस्थानी माणूस शोधावा लागतो. मुलाची कल्पना निरागस असते असे मानणाऱ्यांना हे टोचेल. मला मात्र यातून तीच गोष्ट अधिक पक्की होताना दिसते. व्हिगॉट्स्की यांनी १९३० मध्ये लिहिले होते, की कल्पना आपली सगळी सामग्री अनुभवातून घेते. जितका अनुभव मोठा तितकी कल्पना समृद्ध. मग साम्राज्याच्या घरात वाढणाऱ्या मुलाची कल्पना साम्राज्याचीच वीट वापरणार. प्रतिसृष्टीत मूल समाजाची प्रतिकृती करते तेव्हा त्या समाजाचे गृहीत, त्याचा अहंकार, त्याचे आंधळेपण हे सगळे नियमांच्या रूपाने उतरते. मोठ्यांनी न बोललेले काय मुलांच्या कानी पडते, हे जाणून घ्यायला याहून प्रामाणिक कागद मिळणे अवघड.

आता आक्षेपांकडे. सर्वांत जुना आक्षेप भीतीचा आहे: मूल त्या जगात हरवले तर? दाखला म्हणून कवी कोलरिज यांचा मुलगा हार्टली पुढे केला जातो. त्याने एज्युक्सरिया नावाचा देश रचला होता. भाऊ डेरवेंटने १८५१ मध्ये लिहिलेल्या चरित्रात त्याची हकिगत आहे. पुढे दारूमुळे हार्टलीची ऑक्सफर्डची फेलोशिप गेली आणि आयुष्य विस्कटले. पण दारूचे खापर देशावर फोडायला आधार काय? याहून गंभीर दाखला मनोविश्लेषक रॉबर्ट लिंडनर यांच्या १९५५ च्या पुस्तकात आहे. कर्क ॲलन हे टोपणनाव दिलेला एक पदार्थवैज्ञानिक कुमारवयात मनात शिरलेल्या एका तारकासाम्राज्यात वास्तव्य करू लागला होता आणि नकाशे, तक्ते, इतिहास यांची हजारो पाने बाळगून होता. त्याला बाहेर काढण्यासाठी लिंडनर स्वतः त्या जगात उतरले, हिशेबातल्या चुका शोधू लागले आणि हळूहळू त्यांनाच त्याची चटक लागली. शेवटी रुग्णाने कबूल केले, की आपण केव्हाच भानावर आलो आहोत, पण डॉक्टरांना गरज आहे असे वाटल्यामुळे खेळ चालू ठेवला. अपवाद असतात, आणि हा खराच अपवाद होता. पण त्यातही सुटकेची वाट हिशेबातल्या विसंगतीतूनच गेली, हे लक्षात घ्यावे. बाकी मुलांबद्दल म्हणाल, तर डीना स्कॉल्निक आणि पॉल ब्लूम यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की चार-पाच वर्षांची मुले खरे आणि खोटे एवढेच वेगळे करत नाहीत, खोट्या-खोट्यातही भेद करतात: बॅटमनच्या दृष्टीने त्याचा साथीदार रॉबिन खरा आहे, दुसऱ्याच कार्टूनमधला स्पंजबॉब नाही. एवढी बारकाईने सरहद्द सांभाळणाऱ्यांना सरहद्द कळत नाही असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

दुसरा आक्षेप भीतीच्या उलट टोकाचा, म्हणजे कौतुकाचा आहे, आणि तो मला अधिक घातक वाटतो. मिशेल आणि रॉबर्ट रूट-बर्नस्टीन यांनी २००६ मध्ये असामान्य सर्जनशीलतेसाठी दिल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या मॅकार्थर शिष्यवृत्तीच्या मानकऱ्यांना त्यांच्या बालपणीच्या खेळांबद्दल विचारले आणि मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांशी तुलना केली. मानकऱ्यांमध्ये प्रतिसृष्टी आठवणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले, आणि त्यांत शास्त्रज्ञही होते. बातमी अर्थातच ‘देश रचणारी मुले प्रतिभावंत होतात’ अशी पसरली. पण आठवणीवर किती विसंबायचे? नाव मिळवलेल्या माणसाला आपले बालपण कल्पक होते असे आठवणे सोपे जाते. ज्याच्या देशाकडे कोणी ढुंकून पाहिले नाही तो आपला देश विसरून जातो. सिल्व्ही यांच्या सामग्रीलाही हाच दोष लागू आहे. म्हणून मार्जरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम महत्त्वाचे. त्यांनी मोठ्यांना न विचारता आठ ते बारा वयाच्या मुलांनाच विचारले, दोन अभ्यासांत मिळून १६९ मुलांना. साधारण १७ टक्के मुलांनी प्रतिसृष्टी सांगितली, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात पाचेक. पैकी पुष्कळांचे जग मित्रमैत्रिणींबरोबर वाटून घेतलेले होते. एकटे, कोपऱ्यात बसलेले मूल हे चित्र पुसले गेले. भाषेच्या जाणिवेत ही मुले इतरांहून वेगळी नव्हती. गोष्ट रचण्यात ती सरस ठरली, एवढेच.

त्याच अभ्यासात एक गोष्ट माझ्या मांडणीला आडवी जाते, ती झाकून ठेवणे बरोबर नाही. स्वतःला आवरण्याच्या, म्हणजे मनात पहिल्यांदा आलेली प्रतिक्रिया दाबून सांगितलेले करण्याच्या, कसोटीत प्रतिसृष्टी असलेल्या मुलांना अधिक अडचण आली. नियमांचा एवढा सराव असलेल्या मुलांना नियम पाळणे जड का जावे? मला याचे उत्तर नियमाच्या मालकीत दिसते. समोरच्याने आत्ताच्या आत्ता घातलेला, कारण नसलेला नियम पाळणे हे एक कसब. आपण घातलेल्या नियमाचे परिणाम दूरवर ओढत नेणे हे दुसरे. दुसऱ्यासाठी तर मनात येणारी पहिली कल्पना अडवून धरण्याऐवजी आत येऊ द्यावी लागते, मग तिला कायद्यात बसवावे लागते. हे माझे अनुमान आहे. ते चुकीचे ठरले तर ‘प्रतिसृष्टी म्हणजे शिस्त’ असे सरसकट म्हणणाऱ्यांना माघार घ्यावी लागेल, आणि त्यांत मीही असेन.

तिसरा आक्षेप महाराष्ट्राला जवळचा आहे, कारण तो मारिया मॉन्टेसरी यांचा. काठीचा घोडा करणाऱ्या मुलाकडे त्या कौतुकाने पाहत नसत. ज्याला खरे तट्टू मिळते ते मूल काठीवर कशाला बसेल, असा त्यांचा रोख होता. लुटुपुटीत त्यांना कल्पनेची श्रीमंती कमी आणि अतृप्त इच्छा जास्त दिसे. या आक्षेपाला आज पुराव्याचे बळ आहे. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लुटुपुटीच्या खेळावरचे संशोधन तपासले आणि त्याने बुद्धी, सर्जनशीलता वाढते हे म्हणावे तसे सिद्ध झालेले नाही, असा निर्वाळा दिला. पुढे २०१८ मध्ये त्यांच्या गटाला आढळले, की लहान मुलांना खोटे कापण्या-शिजवण्यापेक्षा खरेच कापायला, शिजवायला मिळाले तर ते अधिक आवडते. हे मला पटते. भातुकलीत खरे चुरमुरे, खरा गूळ आला की खेळ कसा रंगतो, हे मराठी घरांना सांगायला नको. पण देश, कायदा, पैसा, युद्ध या गोष्टी मुलाला खऱ्या मिळणार कुठून? विळी देता येईल. मंत्रिमंडळ देता येणार नाही. जे हाताला लागू शकत नाही आणि तरीही आयुष्य चालवते, ते समजून घ्यायला मूल प्रतिकृती करते, जसा शास्त्रज्ञ करतो. आपल्याकडे मॉन्टेसरींची पद्धत रुजवणाऱ्या गिजुभाई बधेकांनी कथा आणि नाट्य बालमंदिरातून हद्दपार केली नाहीत; उलट मुलांसाठी गोष्टींचा मोठा साठा लिहून ठेवला. त्यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी आणि कोसबाडला पद्धत मुलांच्या परिसराप्रमाणे बदलून घेतली. तत्त्वापेक्षा समोरच्या मुलाकडे पाहण्याची ही परंपरा आपली आहे.

राहता राहिला हा प्रश्न, की हे सगळे कागद, फुरसत आणि स्वतंत्र खोली असलेल्या घरांचे लाड तर नव्हेत? वह्या उरतात त्या शिकलेल्या घरांतल्या, हे खरेच. त्यामुळे आपला पुरावा एका बाजूला झुकलेला आहे. पण प्रतिसृष्टीला कागदच लागतो असे नाही. दिवाळीच्या आधी महाराष्ट्रातल्या अंगणांत आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांत जे किल्ले उभे राहतात, ते जवळून पाहावेत. दगड-विटांवर चिखलात बुडवलेली पोती पसरून डोंगर होतो, वर शिवाजी महाराज सिंहासनावर, बुरुजावर मावळे, पायथ्याशी अळीव किंवा मोहरी पेरून उगवलेली शेते, गुहेत वाघ. इतिहास मुलांना आयता मिळालेला आहे, म्हणून ही पूर्ण अर्थाने प्रतिसृष्टी नव्हे. पण वाद ऐकावेत: गडावर टाके नसेल तर वेढा पडल्यावर पाणी कुठून आणायचे, मावळा दरवाजापेक्षा उंच असेल तर तो आत जाणार कसा, पायथ्याच्या गावाचा बाजार कुठे भरतो. यातला एकही प्रश्न पाठ्यपुस्तकात नसतो. तो मातीच्या मापातून आणि ‘खरे असते तर’ या कायद्यातून निघतो. आपल्याकडे अशा खेळांची नोंद कोणी पद्धतशीर ठेवलेली नाही, म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नाहीत. दिवाळी संपली की किल्ला ढासळतो आणि संशोधकाच्या हाती काहीच लागत नाही, एवढाच फरक.

म्हणून वाचकाला विनंती एकच आहे: पुढे येणाऱ्या प्रत्येक देशापाशी आधी त्याचे कायदे शोधावेत. त्यासाठी सर्वांत लहान राजापासून सुरुवात करता येईल. थॉमस विल्यम्स मल्किन हा इंग्रज मुलगा १८०२ मध्ये, वयाची सात वर्षे पुरी होण्याआधी वारला. त्याने ॲलेस्टोन नावाचा देश रचला होता आणि त्याचा नकाशा काढला होता: किनारे, नद्या, डोंगर, गावांची नावे. वडील बेंजामिन हीथ मल्किन यांनी १८०६ मध्ये त्याच्या आठवणींचे पुस्तक छापले, तेव्हा तो नकाशाही त्यात घातला. मुखचित्राचा आराखडा विल्यम ब्लेक यांचा होता. ब्लेक यांना मुलाची चित्रेही दाखवली गेली आणि त्यांचे मत वडिलांनी पुस्तकात नोंदवले. जगाने ज्याला पुढे स्वप्नदर्शी कवी म्हणून ओळखले, त्या माणसाने मुलाच्या केवळ भरारीचे कौतुक केले नाही. त्याच्या नजरेत भरली ती रेषेची ठाम, निश्चित कड, आणि त्या मुलाला आपल्या मनातले नेमके दिसत होते ही गोष्ट.